गाडीच्या टपाचा रंग आणि आतला उकाडा : सोलापूरच्या उन्हात कोणाचा काय अनुभव?

विजापूर_वेस

नमस्कार मंडळी. अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत मी एका टॉवेलच्या कारखान्यात नोकरीला आहे. आमच्या आवारात सावलीचे झाड एकच आहे आणि त्याखाली मालाचे टेम्पो लागतात, त्यामुळे माझी काळी हॅचबॅक सकाळी नऊपासून संध्याकाळपर्यंत उघड्यावर तापत उभी असते. मला सवय झाली आहे, पण दर मंगळवारी दुपारी एक वाजता आईला फिजिओथेरपीसाठी न्यावे लागते. तिचे वय ७४ आहे. गाडीत बसल्याबरोबर ती पदर डोक्यावर ओढून घेते, हात वर करून छताच्या अस्तराजवळ धरते आणि म्हणते, "अरे, डोक्यावर तवा ठेवल्यासारखं लागतंय." एसी सुरू केल्यावर हवा दहा मिनिटांत गार होते, पण तिची ही तक्रार त्यानंतरही बराच वेळ राहते.

माझा प्रश्न असा आहे की संपूर्ण गाडीला हात न लावता फक्त टप पांढरा करून घेतला, तर आत खरोखर फरक पडेल का? कारखान्यातले सहकारी सांगतात की उकाडा काचांमुळे होतो, रंगाचा त्याच्याशी संबंध नाही. कोणी प्रत्यक्ष करून पाहिले असेल तर कृपया सविस्तर लिहावे.

होटगीकर

आमच्या घरी एकाच कंपनीच्या, एकाच वर्षीच्या दोन गाड्या आहेत. माझी पांढरी आणि थोरल्या भावाची गडद मरून. दोन्ही अंगणात शेजारी शेजारी उभ्या असतात. एप्रिलमधल्या एका दुपारी मी दोन्हींच्या टपांवर तळहात टेकवून पाहिला. पांढऱ्यावर सावकाश दहापर्यंत मोजता आले, मरूनवर तीन म्हणायच्या आत हात उचलावा लागला. पण दोन्ही गाड्यांचे दरवाजे उघडल्यावर तोंडावर येणारी वाफ मला तरी जवळपास सारखीच वाटली. त्यामुळे पत्र्याला फरक पडतो हे मी मान्य करतो, आतल्या माणसाला किती पडतो याबद्दल मला शंका आहे.

भीमाकाठ

मी निवृत्त शिक्षक आहे आणि पदार्थविज्ञान हा माझा विषय होता, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. होटगीकरांनी नोंदवलेल्या दोन्ही गोष्टी बरोबर आहेत आणि त्या परस्परविरोधी नाहीत.

निरभ्र आकाशात भर दुपारी एक चौरस मीटर जागेवर साधारण १००० वॅट इतकी सौर ऊर्जा पडते. काळा रंग त्यातली सुमारे ९५ टक्के शोषून घेतो. चांगला पांढरा किंवा चंदेरी रंग निम्म्याहून अधिक ऊर्जा परत फेकतो. हॅचबॅकचा टप दीड चौरस मीटर धरला, तर काळ्या आणि पांढऱ्या टपाने शोषलेल्या ऊर्जेत सात-आठशे वॅटचा फरक येतो, म्हणजे एका लहान इस्त्रीइतका. मात्र ही सगळी उष्णता आत उतरत नाही. तापलेला पत्रा त्यातली बरीचशी बाहेरच्या हवेला आणि आकाशाला परत देतो आणि उरलेलीच अस्तरातून खाली झिरपते.

या विषयावर अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली राष्ट्रीय प्रयोगशाळेने केलेला एक अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यासाठी कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटो येथे एक काळी आणि एक चंदेरी अशा दोन सारख्या होंडा सिव्हिक गाड्या उन्हात शेजारी उभ्या केल्या होत्या. चंदेरी गाडीचा टप काळ्यापेक्षा २५ अंश सेल्सियसपर्यंत कमी तापला, पण तासाभराने आतल्या हवेतला फरक मात्र पाच ते सहा अंशांचा निघाला. होटगीकरांच्या तळहाताने आणि चेहऱ्याने तेच सांगितले : टपावर मोठा फरक, हवेत त्यामानाने लहान. पण सर्वच गाडी साठ-सत्तर अंशांकडे धावत असताना पाच-सहा अंशही कमी नव्हेत, कारण एसीला तेवढे काम कमी करावे लागते.

आता विजापूर_वेस यांच्या आईंच्या तक्रारीकडे येतो, कारण मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. माणसाला उष्णता फक्त हवेतून लागत नाही. चुलीसमोर बसल्यावर मागची हवा गार असली तरी चेहरा भाजतो, तसे तापलेले अस्तर डोक्यावर उष्णता फेकत राहते. एसीने हवा गार झाली तरी पत्रा आणि त्याखालचा फोम लगेच निवत नाहीत. त्यामुळे हवेचे तापमान पाचच अंशांनी कमी झाले, तरी डोक्याला जाणवणारा फरक त्याहून बराच मोठा असू शकतो. आई बरोबर सांगत आहेत.

अश्विनी_जुळेसोलापूर

भीमाकाठ सर, तुमचे विवेचन पटले, पण काचांचा मुद्दा मागे पडू नये असे मला वाटते. अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात टेम्पी येथे झालेला २०१८ चा अभ्यास मी वाचला होता. त्यात उन्हात तासभर उभ्या असलेल्या गाड्यांच्या आतली हवा सरासरी ४७ अंशांच्या आसपास गेली, स्टिअरिंग ५३, आसने ५१ आणि डॅशबोर्ड मात्र ६९ अंशांपर्यंत तापला. डॅशबोर्डला टपाचा रंग काय करणार? त्याच्यावर समोरच्या काचेतून थेट ऊन पडते आणि तो स्वतः बहुतेक गाड्यांत काळा असतो. सावलीत उभ्या केलेल्या तशाच गाड्यांत तो ४८ अंशांवर राहिला. म्हणजे खर्च करायचा असेल तर आधी सावली, मग समोरच्या काचेचा पडदा आणि त्यानंतर रंग, असा क्रम असावा.

आणखी एक. काचांना काळी फिल्म लावण्याचा सल्ला कोणी देऊ नये. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्येच ती काढायला लावली आहे. पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे, हे प्रमाण तेव्हाच स्पष्ट केले होते.

होटगीकर

अश्विनीताईंच्या क्रमाशी मी सहमत आहे, पण सोलापुरात सावली आणायची कुठून? नवी पेठेत किंवा पार्क चौकात गाडी लावायला जागा मिळाली तरी नशीब म्हणायचे.

बेसकोट_अण्णा

मी बावीस वर्षे डेंटिंग-पेंटिंगचे काम करतो. सरांनी आणि ताईंनी शास्त्र सांगितले, मी रंगाच्या डब्यातले सांगतो.

काळ्या रंगात काजळीचे बारीक रंगद्रव्य असते आणि ते डोळ्याला दिसणारा प्रकाशही गिळते, न दिसणारी उष्णताही गिळते. पांढऱ्यात टायटॅनियम डायऑक्साइड असतो, तो त्यातले बरेचसे परत फेकतो. चंदेरी रंगात ॲल्युमिनियमचे बारीक कण असतात. लोकांना वाटते की गडद निळा, गडद हिरवा किंवा मरून म्हणजे काळ्यापेक्षा बरा, पण जुन्या पद्धतीच्या गडद छटांमध्ये थोडी काळी मिसळलेली असतेच, त्यामुळे उन्हात त्या काळ्याच्याच वाटेने जातात.

टप पांढरा करायचा तर नुसता वरून हात फिरवून चालत नाही. जुना थर घासून घ्यावा लागतो, खळगा असेल तिथे पुट्टी भरावी लागते, मग प्रायमर, त्यावर बेसकोट म्हणजे रंगाचा थर आणि शेवटी क्लिअर कोट म्हणजे चकाकीचा पारदर्शक थर. टपाच्या कडेला पाणी वाहून जाण्याची जी पन्हळ असते, तिथे प्रायमर नीट बसला नाही तर पहिल्याच पावसाळ्यात गंज धरतो. हे काम घाईचे नाही. दुसरा मार्ग पांढऱ्या व्हिनाइलच्या रॅपचा, म्हणजे रंगावर चिकटवायच्या प्लास्टिकच्या पातळ आवरणाचा आहे, तो पुढे काढता येतो. पण हलक्या प्रतीचा रॅप आपल्या उन्हात दोन-तीन वर्षांत कडक होऊन तडकतो आणि काढताना त्याचा गोंद क्लिअर कोटवर चिकटून राहतो.

कृपा करून गच्चीला लावायचा पांढरा रंग कोणी गाडीला फासू नये. दोन जण माझ्याकडे तसे करून आले होते. गाडीच्या गुळगुळीत क्लिअर कोटवर त्या रंगाला धरायला काही मिळत नाही, पापडासारखी पापुद्री निघते.

भीमाकाठ

अण्णांनी "न दिसणारी उष्णता" हा शब्द वापरला, त्यात मोठे तथ्य आहे. जमिनीवर पोहोचणाऱ्या सौर ऊर्जेतला निम्म्याच्या आसपास भाग अवरक्त (इन्फ्रारेड) असतो आणि तो डोळ्यांना दिसतच नाही. त्यामुळे केवळ रंग पाहून टप किती तापेल याचा पूर्ण अंदाज बांधता येत नाही. आता अशी काळी रंगद्रव्येही निघाली आहेत जी दिसायला काळी असतात, पण अवरक्त भाग परत फेकतात.

याच्या उलट फसगत कोऱ्या चकचकीत पत्र्याची होते. लोकांना वाटते की तो चमकतो म्हणजे कमी तापतो. तो ऊन परत फेकतो खरा, पण जी उष्णता शोषतो ती किरणांच्या रूपाने बाहेर टाकण्यात तो फार कंजूष असतो. कोणताही साधा रंग, काळा असो वा पांढरा, हे काम नव्वद टक्क्यांच्या आसपास क्षमतेने करतो. म्हणून पत्र्याच्या शेडवर पांढरा रंग दिला की कोऱ्या पत्र्यापेक्षा ती थंड राहते.

अश्विनीताईंच्या क्रमात मी एक स्थानिक दुरुस्ती सुचवतो. सोलापूर साडेसतरा अंशांच्या थोडे वर, उत्तर अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात एक दिवस असा येतो की दुपारी साडेबाराच्या आसपास सूर्य बरोबर डोक्यावर असतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. एप्रिलअखेरीपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत मध्यान्हीचा सूर्य डोक्यावरून फारसा ढळत नाही. तशा वेळी बाजूच्या काचांवर थेट ऊन जवळजवळ पडत नाही, सगळा मारा टपावर, बॉनेटवर आणि उतरत्या पुढच्या काचेवर असतो. सकाळी नऊला आणि दुपारी चारला मात्र तिरपे ऊन बाजूच्या काचांतून आत शिरते. म्हणजे दुपारी एक वाजता निघणाऱ्या गाडीला टपाचा रंग जितका उपयोगी, तितका संध्याकाळी पाचला निघणाऱ्या गाडीला नाही. मंगळवारची वेळ एकची आहे, हे लक्षात घ्यावे.

शाळेची_व्हॅन

मी गेली नऊ वर्षे मुलांची ने-आण करतो, त्यामुळे हा विषय माझ्या जिवाचा आहे. उन्हाळ्यात शाळा सकाळची असते आणि सुटते नेमकी त्या डोक्यावरच्या उन्हात. कारला निदान जाड अस्तर असते. माझ्या गाडीत पत्रा आणि त्याखाली पातळ रेक्झिन एवढेच होते. मागच्या बाकावरची मुले दप्तर डोक्यावर धरून बसायची. मला आधी वाटले की खेळ चालला आहे. एका मुलीला विचारले तेव्हा ती म्हणाली, "काका, वरून गरम येतंय." त्या दिवशी गाडी थांबवून मी तिच्या जागेवर बसून पाहिले आणि मला स्वतःची लाज वाटली, कारण चालकाच्या जागेवर खिडकीचा वारा लागतो आणि मागे काय होते याची मी कधी चौकशीच केली नव्हती.

शाळेच्या गाडीचा रंग पिवळाच असावा असा नियम आहे, म्हणून टपाला मनाने पांढरा दिला नाही. अमेरिकेत अनेक राज्यांत पिवळ्या शाळाबसचा टप पांढरा ठेवतात असे ऐकले आहे, तसे आपल्याकडे अधिकृतपणे झाले तर मी पहिला रांगेत उभा राहीन. मी रेक्झिन उतरवून पत्रा आणि रेक्झिन यांच्यामध्ये फोमची शीट बसवून घेतली. दप्तरे आता मांडीवर असतात.

अश्विनी_जुळेसोलापूर

दादा, तुम्ही मागे जाऊन बसलात हेच फार मोठे काम केलेत. पालक म्हणून मी तुमचे मनापासून आभार मानते.

मुलांचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट प्रत्येकाने लक्षात ठेवावी. गाडीचा रंग कोणताही असो, बंद गाडीत मुलाला दोन मिनिटांसाठीही एकटे ठेवू नये. आतल्या तापमानात जी वाढ होते, तिच्यातली सुमारे ८० टक्के पहिल्या अर्ध्या तासातच होते आणि काच बोटभर खाली ठेवल्याने त्यात फारसा फरक पडत नाही, हे २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका वैद्यकीय अभ्यासात मोजून दाखवले आहे. लहान मुलाचे शरीर मोठ्या माणसाच्या तीन ते पाच पट वेगाने तापते. पांढऱ्या टपाच्या भरवशावर कोणी निर्धास्त होऊ नये.

माळवद

थोडे विषयाला धरूनच, पण घराकडचे सांगतो. मंगळवेढ्याकडे आमचे जुने माळवदाचे घर आहे. लाकडी सरे, त्यावर कडुलिंबाचा पाला आणि वर हातभर माती. भर वैशाखात आत गेले की डोळ्यांवर झापड यावी इतका गारवा असतो. लहानपणी मला वाटे की मातीचा रंग थंड असतो. खरे कारण जाडी हे आहे. दुपारची उष्णता मातीतून खाली उतरेपर्यंत रात्र होते आणि वरून गारवा सुरू होतो. गाडीचा पत्रा एक मिलिमीटरपेक्षाही पातळ. त्याच्याजवळ थोपवून धरण्यासारखे काहीच नाही, वर पडलेले लगेच खाली दिसते. म्हणून माळवदाला रंगाची फिकीर करावी लागली नाही आणि पत्र्याला मात्र करावी लागते.

जुन्या लँड रोव्हर गाड्यांना उष्ण प्रदेशांसाठी टपावर दुसरा टप बसवत असत आणि दोन्हींच्या मध्ये हवा खेळायला फट ठेवत. वरचा पत्रा ऊन झेलतो, खालचा सावलीत राहतो. मला ती युक्ती माळवदाइतकीच शहाणी वाटते.

मार्केट_यार्ड

माझा डाळिंबाचा बंद बॉडीचा टेम्पो आहे. बॉडीला अस्तर नाहीच, पत्राच. दोन वर्षांपूर्वी टप पांढरा करून घेतला. उतरवताना वरच्या थरातल्या क्रेटमधली फळे आधी हाताला कोमट लागत, आता तितकी लागत नाहीत. टपाला आरशासारखा स्वच्छ ठेवावा लागतो, एवढाच त्याचा त्रास. यार्डातली धूळ आठ दिवसांत त्याला मातकट करते.

होटगीकर

मार्केट यार्ड यांचा अनुभव आणि व्हॅनवाल्या दादांचा अनुभव वाचल्यावर मी माझे मत बदलतो. माझ्या आणि भावाच्या गाडीत जाड अस्तर आहे, त्यामुळे मला फरक थोडा वाटला. जिथे अस्तर नाही, तिथे टपाचा रंग हाच मुख्य मुद्दा ठरतो. धुळीचे मात्र शंभर टक्के खरे आहे, पांढऱ्याचे पांढरेपण गेले की त्याचा निम्मा गुण गेला.

एक भाबडा प्रश्न : टपावर आपली सोलापुरी चादर टाकून ठेवली तर?

बेसकोट_अण्णा

चादरीने ऊन अडते, पण चादरीखाली धूळ अडकते आणि वाऱ्याने चादर हलली की तीच धूळ पॉलिश पेपरसारखी रंगावर घासते. टाकायचीच असेल तर आधी टप ओल्या फडक्याने पुसावा आणि चादर चारही कोपऱ्यांना घट्ट बांधावी.

भीमाकाठ

समोरच्या काचेच्या पडद्याबद्दलही तेच तत्त्व लागू होते. पडदा काचेच्या बाहेरून लावला तर ऊन आत शिरण्याआधीच अडते. आतून लावला तर ऊन काच ओलांडून आलेले असते, म्हणून आतला पडदा निदान बाहेरच्या बाजूने चकचकीत किंवा पांढरा असावा, म्हणजे बरेचसे ऊन काचेतून परत जाईल. काळ्या जाळीचे जे पडदे बाजारात मिळतात, ते आतच तापतात आणि ती उष्णता आतच राहते.

विजापूर_वेस

सर्वांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी परत लिहीत आहे, कारण आधी करून पाहायचे ठरवले होते.

आरसीवर गाडीच्या रंगाची नोंद असते, म्हणून कामाला हात लावण्याआधी आरटीओत जाऊन विचारले आणि त्यांनी सांगितलेले कागद पूर्ण केले. ज्यांना हे करायचे आहे त्यांनी हाच क्रम ठेवावा, गॅरेजवाल्याच्या तोंडी भरवशावर राहू नये. अण्णांनी सांगितलेले धोके ध्यानात ठेवून चांगल्या प्रतीचा पांढरा रॅप घेतला आणि पन्हळीच्या कडा कारागिराकडून समोर उभे राहून बसवून घेतल्या.

पहिल्या मंगळवारी मी आईला काहीही सांगितले नाही. ती एक वाजता गाडीत बसली, पदर डोक्यावर घेतला, हात सवयीने वर नेला आणि अस्तराला सरळ टेकवला. याआधी ती हात अस्तराजवळ नुसता धरत असे, टेकवत नसे. थोडा वेळ तसाच ठेवून तिने विचारले, "आज गाडी सावलीत होती काय रे?" गाडी नेहमीच्याच जागी होती.

गाडी सात रस्त्यापर्यंत आल्यावर मात्र ती म्हणाली, "वरून बरं आहे, पण समोरून झळ येतेय." अश्विनीताई, तुमचा मुद्दा तिने माझ्यापेक्षा आधी मान्य केला. कारखान्यात कडेचे वाया जाणारे पांढरे टॉवेलचे कापड मिळते. त्याचा दुहेरी पडदा शिवायला टाकला आहे, चारही टोकांना नाड्या लावून, सरांनी सांगितल्याप्रमाणे काचेच्या बाहेरून बांधण्यासाठी. येत्या मंगळवारच्या आत तो हाती यावा अशी शिंप्याला विनंती केली आहे.